सूर्य आणि वटवाघूळ : इब्न तुफैलच्या कथेतील ईश्वरज्ञानाच्या सीमा

काही ग्रंथांची कीर्ती त्यांच्या अर्ध्याच भागावर उभी असते. बाराव्या शतकात अरबी भाषेत लिहिली गेलेली 'हय्य इब्न यक्झान' ही छोटेखानी कथा अशा ग्रंथांपैकी एक आहे. १६७१ साली धाकटे एडवर्ड पोकॉक यांनी ऑक्सफर्ड येथून तिचा लॅटिन अनुवाद प्रसिद्ध केला आणि तिला 'स्वयंशिक्षित तत्त्वज्ञ' अशा अर्थाचे शीर्षक दिले. १७०८ साली सायमन ऑक्ली यांनी ती मूळ अरबीवरून इंग्रजीत आणली. तेव्हापासून ही कथा मानवी बुद्धीच्या दिग्विजयाची गाथा म्हणून वाचली गेली. गुरू नाही, ग्रंथ नाही, समाज नाही, आणि तरीही एकटा मनुष्य निरीक्षणाच्या व विचाराच्या बळावर परमेश्वरापर्यंत पोचतो, हा तिचा आशय सांगितला जातो. हे वाचन खोटे नाही. पण ते पूर्वार्धापाशीच थांबते. उत्तरार्धात लेखकाने निराळाच प्रश्न हाती घेतला आहे. मानवाला होणारे परमेश्वराचे ज्ञान कोठे थांबते, आणि का थांबते? या प्रश्नाच्या अंगाने कथेचे परीक्षण करावे, असा आमचा येथे विचार आहे.

कथेचा कर्ता अबू बक्र इब्न तुफैल हा अंदालुसियाचा, म्हणजे मुसलमानी अमलाखालील स्पेनचा रहिवासी. ग्रानादाजवळील वादी आश या गावी बाराव्या शतकाच्या आरंभी त्याचा जन्म झाला. तो वैद्य होता आणि अल्मोहाद घराण्यातील खलिफा अबू याकूब यूसुफ (कारकीर्द ११६३ ते ११८४) याच्या दरबारी त्याला मोठा मान होता. याच खलिफापुढे त्याने तरुण इब्न रुश्दला नेले, आणि त्या भेटीतून अॅरिस्टॉटलवरील भाष्यांची ती थोर परंपरा सुरू झाली, जिने पुढे युरोपातील विद्यापीठांना विचारप्रवृत्त केले. ११८५ साली मराकेश येथे इब्न तुफैल निवर्तला. त्याचे नाव आज प्रामुख्याने या एका कथेमुळे स्मरणात आहे.

नायकाचे नावच अर्थपूर्ण आहे. हय्य इब्न यक्झान म्हणजे 'जिवंत, जागृताचा पुत्र'. हे नाव, तसेच अबसाल व सलामान ही नावे लेखकाने इब्न सीनाकडून घेतली. कथानक मात्र स्वतःचे रचले. हिंदुस्थानाकडच्या समुद्रातील, विषुववृत्ताखालच्या एका निर्मनुष्य बेटावर हय्य वाढतो. तो तेथे कसा आला याच्या दोन हकिकती लेखक देतो. एका हकिकतीप्रमाणे तो उष्ण, आंबलेल्या चिखलातून आपोआप जन्मला. दुसरीप्रमाणे एका राजाच्या बहिणीने भयापोटी आपले तान्हे मूल पेटीत घालून समुद्राच्या स्वाधीन केले. एका हरिणीने त्याला दूध पाजून वाढविले. ती मरण पावली तेव्हा तिला परत उठविण्यासाठी बालक हय्य तिची छाती चिरून पाहतो. हृदयाचा एक कप्पा त्याला रिकामा आढळतो. जी आपल्यावर माया करीत होती ती या कप्प्यात राहत होती आणि आता निघून गेली आहे, हे त्याला उमगते. तत्त्वज्ञानाचा आरंभ एका पोरक्या मुलाच्या शोकात दाखविणारा हा प्रसंग आम्हांला जागतिक वाङ्मयात मोलाचा वाटतो. येथून पुढे हय्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांनी वनस्पती, प्राणी, पंचमहाभूते, तारांगण अशी विचारांची पायरी चढत जातो आणि या सर्वांचा एक अशरीरी कर्ता असला पाहिजे, या निष्कर्षाला येतो.

या निष्कर्षाच्या वाटेवरच पहिली सीमा लागते. विश्व अनादी आहे की कालाच्या एका क्षणी निर्माण झाले? हय्य या प्रश्नाचा वर्षानुवर्षे विचार करतो. दोन्ही पक्षांना बळकट युक्तिवाद आहेत आणि दोन्हींवर तितकेच बळकट आक्षेप आहेत. शेवटी त्याच्या ध्यानी येते की निर्णय कोणताही झाला तरी कर्ता मानावाच लागतो. विश्वाला आरंभ असेल तर आरंभ करणारा हवा. आरंभ नसेल तर त्याची अखंड गती चालविणारा हवा. हय्य प्रश्न सोडवीत नाही, तो अनिर्णित ठेवूनच पुढे जातो.

आज हे सहज वाटेल, पण त्या काळी हा प्रश्न जिवावरचा होता. अबू हामिद अल्-गझाली (१०५८ ते ११११) याने १०९५ साली 'तहाफुत अल्-फलासिफा' हा ग्रंथ पूर्ण करून तत्त्वज्ञांच्या वीस सिद्धांतांवर हल्ला चढविला होता. त्यांपैकी तीन सिद्धांत त्याने उघड पाखंड ठरविले : विश्व अनादी आहे हा एक, परमेश्वर वस्तू सामान्य रूपाने जाणतो, एकेक व्यक्ती जाणत नाही हा दुसरा, आणि मरणोत्तर शरीराचे पुनरुत्थान होत नाही हा तिसरा. ज्या मतासाठी मनुष्य धर्मबाह्य ठरू शकत होता, त्याविषयी इब्न तुफैलचा नायक शांतपणे सांगतो की बुद्धीला येथे निवाडा करता येत नाही. शंभर वर्षांच्या आत संत थॉमस अक्वायनस यांनीही, विश्वाला आरंभ आहे ही गोष्ट श्रद्धेने स्वीकारावयाची आहे, बुद्धीने ती सिद्ध होत नाही, असेच प्रतिपादन केले. बुद्धीची सीमा मान्य करणे हा बुद्धीचा अवमान नसून तिचाच एक व्यापार आहे, हे या दोघांनाही पटलेले होते.

दुसरी सीमा अधिक खोल आहे. परमेश्वर आहे, हे कळले. पण तो काय आहे, हे कळते काय? हय्यच्या आधीच्या विचारवंतांनी या प्रश्नाची जमीन नांगरून ठेवली होती. अल्-फाराबी (मृत्यू ९५०) याचे म्हणणे असे की, आदितत्त्व स्वतः अत्यंत प्रकट आहे. उणेपणा आपल्या बुद्धीत आहे. प्रखर प्रकाशाने डोळे दिपतात तसे आपले होते. इब्न सीना (९८० ते १०३७) याने तर्काच्या भाषेत हेच सांगितले. कोणत्याही वस्तूची व्याख्या करावयाची म्हणजे तिची जात सांगावयाची आणि त्या जातीतील तिचे वेगळेपण सांगावयाचे. परमेश्वर कोणत्याच जातीत बसत नाही. म्हणून त्याची व्याख्या होऊ शकत नाही. कुराणातही त्याच्यासारखे काहीच नाही असे सांगून, त्याच आयतीत त्याला ऐकणारा व पाहणारा म्हटले आहे. या दोन विधानांमधील ताण हाच इस्लामी ईश्वरविद्येचा आखाडा ठरला. मुअतझिला पंथाच्या पंडितांनी अशा वर्णनांचा लाक्षणिक अर्थ लावला. अल्-अशअरीच्या अनुयायांनी ती 'कसे' हे न विचारता स्वीकारावीत असे म्हटले.

इब्न तुफैल या वादात पडत नाही; तो नायकाला थेट अनुभवाकडे नेतो. हय्य गुहेत बसून इंद्रिये आवरतो, स्वतःची जाणीवही विसर्जित करतो आणि अखेर त्या एका सत्यात लीन होतो. भानावर येताच त्याला वाटते की आपण आणि ते सत्य एकच. अद्वैताच्या परंपरेशी परिचित असलेला मराठी वाचक येथे ओळखीचे हसेल. पण कथा येथे वळण घेते. लेखक या विचाराला भ्रम म्हणतो, आणि परमेश्वराच्या दयेनेच हय्य त्यातून सावरला असे सांगतो. या दुरुस्तीमागील युक्तिवाद मनन करण्याजोगा आहे. 'एक' आणि 'अनेक', 'मिलन' आणि 'वियोग' हे सर्व शब्द शरीरधारी वस्तूंच्या जगातले आहेत. अशरीरी तत्त्वाला 'माझ्याहून वेगळे' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'माझ्याशी एक' म्हणणेही चुकीचे. संख्याच जेथे लटकी पडते, तेथे द्वैत आणि अद्वैत दोन्ही शब्द पांगळे होतात.

मग जे दिसले ते सांगावयाचे कसे? लेखक प्रथम बजावतो की ते शब्दांत मागणे म्हणजे रंगांची चव मागण्यासारखे आहे. काळा रंग गोड की आंबट असे कोणी विचारावे तसे. आणि तरीही तो सांगतोच. स्वच्छ आरशात उमटलेले सूर्याचे प्रतिबिंब हे सूर्यही नव्हे, आरसाही नव्हे आणि या दोहोंहून निराळेही नव्हे, असा दृष्टांत तो देतो. तारांगणाच्या एकेका गोलाची प्रतिबिंबे एकातून दुसऱ्यात उतरत जातात आणि शेवटी आपल्या या मर्त्य जगाच्या पातळीवर ते प्रतिबिंब हलत्या पाण्यात पडल्यासारखे दिसते : सत्तर हजार चेहरे, प्रत्येक चेहऱ्याला सत्तर हजार मुखे, प्रत्येक मुखात सत्तर हजार जिव्हा, आणि त्या सर्व जिव्हा अखंड स्तुती करणाऱ्या. हे वर्णन वाचताना आम्हांला दर वेळी एक गोष्ट जाणवते. तर्क थांबला, व्याख्या थांबली, संख्या थांबली. दृष्टांत मात्र थांबला नाही. ही नोंद वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढे तिचे प्रयोजन आहे.

तिसरी सीमा कथेच्या अखेरीस येते. शेजारच्या वस्ती असलेल्या बेटावर एका प्रेषिताचा धर्म प्रचलित आहे. तेथील अबसाल हा गूढार्थाची ओढ असलेला, एकांतप्रिय भाविक. त्याचा मित्र सलामान हा बाह्य आचार व समाज यांना धरून राहणारा. अबसाल एकांतासाठी हय्यच्या बेटावर येतो आणि त्याला भाषा शिकवितो. आपल्या धर्मग्रंथात दृष्टांतरूपाने जे सांगितले आहे तेच या मनुष्याने प्रत्यक्ष पाहिले आहे, हे त्याला कळून चुकते. हय्यही त्या धर्माचे सत्य मान्य करतो. पण त्याला दोन शंका राहतात. प्रेषिताने ईश्वरी गोष्टी उघड न सांगता दृष्टांतांत का गुंडाळल्या? आणि ठराविक कर्मकांडापलीकडे लोकांना धनसंचय व उपभोग यांची मोकळीक का ठेवली? लोकांना सत्य सांगावे या कळकळीने तो त्या बेटावर जातो. अबसालच्या मित्रांपुढे, म्हणजे तेथील सर्वांत समंजस मंडळींपुढे, तो बोलू लागतो. त्यांची मने आक्रसतात. ते पाहुण्याचा मान राखतात, पण मनातून दुरावतात. तेव्हा हय्यला उमगते की यांच्या शक्तीपलीकडचे आपण यांच्यावर लादीत आहोत. तो सलामानची क्षमा मागतो, आपल्या पूर्वजांचा धर्म घट्ट धरून राहा असा त्यांना उपदेश करतो आणि अबसालसह आपल्या बेटावर परततो. तेथेच ते दोघे मरेपर्यंत उपासनेत राहतात.

या शेवटात विषाद आहे आणि विनयही आहे. आपले ज्ञान न पचणाऱ्या लोकांना तुच्छ लेखून हय्य निघून जात नाही. तो क्षमा मागतो. दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावण्यापेक्षा माघार घेणारा हा ज्ञानी आम्हांला आदरणीय वाटतो. लेखकाच्या काळाकडे पाहिले तर त्याची सावधगिरीही समजू शकते. त्याचाच शिष्यवत् स्नेही इब्न रुश्द याने 'फस्ल अल्-मकाल' या ग्रंथात माणसांचे तीन वर्ग केले : सिद्ध प्रमाणाने पटणारे, वादविवादाने पटणारे आणि वक्तृत्वाने पटणारे. गूढार्थ पहिल्या वर्गापुरता ठेवावा, असा त्याचा सल्ला होता. ११९५ साली त्या इब्न रुश्दवरच दरबाराचा रोष ओढवला, त्याला लुसेना येथे हद्दपार करण्यात आले आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्यात आले. बोलावे किती आणि कोणापुढे, हा त्या पिढीपुढे केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता.

तरीही आमचा आक्षेप येथेच आहे. पहिल्या दोन सीमा मानवी बुद्धीच्या होत्या. त्या हय्यला, अबसालला, सलामानला सारख्याच लागू होत्या. तिसऱ्या सीमेपाशी येताच लेखक ती सीमा माणसामाणसांमधून ओढतो. अलीकडे पाहणारे, पलीकडे दृष्टांतांवर जगणारे. या भेदाची खूण कथेत आधीच दिसून जाते. हय्यच्या दर्शनाचे वर्णन करताना लेखक एक काल्पनिक आक्षेपक उभा करतो, जो म्हणतो की तू बुद्धीचे नियमच झुगारून दिलेस. त्याला लेखक वटवाघूळ म्हणतो, ज्याचे डोळे सूर्याने दिपतात. आता हीच उपमा गझालीने कशी योजली आहे ते पाहावे. 'इह्या उलूम अद्-दीन' या आपल्या महाग्रंथातील प्रेमविषयक प्रकरणात तो सांगतो की वटवाघळाला दिवसा दिसत नाही ते दिवस लपलेला असतो म्हणून नव्हे, तर दिवस फार उघड असतो म्हणून. आणि आपल्या बुद्धी तशाच आहेत. अॅरिस्टॉटलने ही उपमा साऱ्या मानवी बुद्धीला दिली होती. गझालीचे वटवाघूळ 'आपण' आहोत. इब्न तुफैलचे वटवाघूळ 'तो' आहे. एका सर्वनामाचा हा फरक आम्हांला संपूर्ण ग्रंथाच्या मूल्यमापनात निर्णायक वाटतो.

गझालीने परमेश्वराच्या नव्व्याण्णव नामांवर लिहिलेल्या 'अल्-मक्सद अल्-अस्ना' या ग्रंथात हाच विचार शेवटास नेला आहे. परमेश्वराला खऱ्या अर्थाने परमेश्वरच जाणतो, असे तो म्हणतो. रेखीव अक्षर पाहून लिहिणारा आहे आणि तो जाणता आहे, एवढे कळावे, तसे सृष्टीवरून आपल्याला कळते. लिहिणाऱ्याचे अंतःस्वरूप त्यावरून कळत नाही. ज्ञात्यांच्या ज्ञानाची परिसीमा म्हणजे आपल्या असमर्थतेची पूर्ण जाणीव. मात्र गझाली येथे आळशाला आसरा देत नाही. आपल्याला कळत नाही असे नुसते म्हणणारा आणि का कळू शकत नाही हे जाणून गप्प होणारा, यांत त्याच्या मते मोठे अंतर आहे. ज्ञानात पायऱ्या आहेत, हे त्यालाही मान्य आहे. परंतु शेवटच्या पायरीवर उभा असलेलाही सूर्यासमोर वटवाघूळच राहतो. स्वतः इब्न तुफैलने प्रस्तावनेत गझालीवर ठपका ठेवला आहे की तो एका ठिकाणी बांधतो ते दुसऱ्या ठिकाणी सोडतो. तो ठपका काही अंशी खरा असेल. या मुद्द्यावर मात्र गझालीची पकड अधिक घट्ट आहे.

आता मघाची नोंद पुन्हा काढू. प्रेषिताने दृष्टांत का वापरले, असे हय्य विचारतो. उत्तर त्याच ग्रंथात आहे, आणि ते लेखकाने नकळत दिले आहे. हय्यचे सर्वोच्च दर्शन सांगण्याची वेळ आली तेव्हा इब्न तुफैलपाशी तरी दुसरे काय होते? आरसा, सूर्य, हलते पाणी आणि सत्तर हजार जिव्हा! एवढेच कशाला, मित्राने इब्न सीनाच्या ज्ञानाचे रहस्य विचारले असता त्याला उत्तर म्हणून त्याने जी रचना केली तीही एक कथाच, म्हणजे विस्तारलेला दृष्टांतच होता. दृष्टांत ही दुबळ्यांसाठी ठेवलेली सवलत असती, तर ज्ञान्याने ज्ञान्याला लिहिताना तिची गरज पडली नसती. दृष्टांत ही परमेश्वराविषयी बोलणाऱ्या प्रत्येक माणसाची भाषा आहे. हा ग्रंथ श्रेष्ठ आहे तो याच कारणाने : त्याचे रूप त्याच्या सिद्धांतापेक्षा अधिक शहाणे आहे.

ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्या आपल्याला या प्रश्नाशी थेट कर्तव्य आहे. परमेश्वराच्या अस्तित्वाचे ज्ञान बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशाने होऊ शकते, असे पहिल्या व्हॅटिकन महासभेने १८७० साली जाहीर केले. आणि निर्माता व निर्मित यांत साम्य कितीही दाखविले तरी भेद त्याहून मोठा राहतो, असे चौथ्या लॅटरन महासभेने १२१५ सालीच सांगून ठेवले होते. संत थॉमस यांनी इब्न सीना व इब्न रुश्द यांचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले होते. केवळ बुद्धीने परमेश्वरापर्यंत पोचणारे थोडे, तेही दीर्घ काळाने आणि चुकतमाकत, हे त्यांनाही मान्य होते. येथवर ते हय्यच्या कथाकाराच्या बरोबर चालतात. पण निष्कर्ष मात्र उलट काढतात : थोडेच पोचतात, म्हणूनच परमेश्वराने आपले सत्य सर्वांसाठी प्रकट केले. प्रेषितांच्या विश्वासांगीकारावरील प्रवचनांत ते सांगतात की ख्रिस्तपूर्व काळातील कोणाही तत्त्वज्ञाला जेवढे कळले नाही, तेवढे आज एका म्हातारीला श्रद्धेने कळते. आणि नवल असे की गझालीचा गुरू अल्-जुवैनी (मृत्यू १०८५) याच्याविषयीही, मरतेवेळी त्याने निशापूरच्या म्हाताऱ्या स्त्रियांची श्रद्धा आपल्याला लाभो अशी इच्छा केली, असे सांगितले जाते. पॅरिसचा पंडित आणि निशापूरचा पंडित एकमेकांना ठाऊक नव्हते. दोघांनाही शेवटी आठवली ती म्हातारीच.

ही म्हातारी सलामानच्या बेटावरची रहिवासी आहे. संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या आपल्या आजीचीही तीच जात. हय्य तिच्यापुढे बोलला असता तर तिला त्याचे शब्द कळले नसते, हे खरे. पण तिला कळले ते हय्यला कळले असते की नाही, हा प्रश्न इब्न तुफैलने विचारलाच नाही. हय्यच्या ज्ञानाला माणसांत राहण्याची, कोणाचे आजारपण काढण्याची, कोणाला माफ करण्याची कसोटी कधी लागली नाही. हरिणीच्या मरणाने ज्याचे तत्त्वज्ञान सुरू झाले, त्याच्या तत्त्वज्ञानात पुढे मायेला जागा उरली नाही, ही या थोर कथेतील खरी पोकळी आहे. हृदयाच्या ज्या रिकाम्या कप्प्यापाशी तो लहानपणी थांबला होता, त्याकडे तो पुन्हा वळलाच नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संमत केलेल्या ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात, एकाच जिवंत परमेश्वराची उपासना करणाऱ्या मुसलमान बांधवांकडे आदराने पाहण्यास आपल्याला सांगितले आहे. दुरून केलेला आदर सोपा असतो. ज्याचा आदर करावयाचा त्याचे ग्रंथ वाचणे, त्याच्याशी सहमत होणे आणि जेथे पटत नाही तेथे तसे सांगणे, हा अधिक कष्टाचा व अधिक प्रामाणिक आदर होय. 'हय्य इब्न यक्झान' अशा वाचनास पुरेपूर पात्र आहे. बुद्धीला तिच्या शक्तीच्या अखेरच्या टोकापर्यंत चालवीत नेणारे आणि तेथे तिला नम्रपणे थांबविणारे ग्रंथ फार नाहीत. त्या टोकावर उभे राहून कोणाला वटवाघूळ म्हणावयाचे, एवढ्यापुरते मात्र आम्ही गझालीच्या बाजूने आहोत.